सामोवारच्या बुडाखालचा ठसा

प्रश्न : बाई, माझे पणजोबा १९३८ ते १९४७ या काळात इराणात अबादानच्या तेल रिफायनरीत कारकून होते. त्यांनी आणलेला पितळेचा सामोवार आणि अकरा पत्रं आमच्या घरी आहेत. १९४२च्या एका पत्रात लिहिलंय की यंदा तिसरा पंतप्रधान आला आणि तेहरानहून येणारी माणसं सांगतात की तिथे भाकरीसाठी मारामारी चालू आहे. आमच्या घरात सगळ्यांचं मत असं की त्या लोकांना राज्य चालवायची अक्कल नव्हती, म्हणून परके घुसले. खरं काय आहे? – एक वाचक, सावईवेरे

उत्तर : तुम्ही सामोवार गोणपाटात गुंडाळून बसने फोंड्याला माझ्याकडे घेऊन आलात, हे वाचकांना आधी सांगते. आपण दोघांनी मागच्या अंगणात बसून चिंचेने त्याचं बूड घासलं. आधी हिरवट थर निघाला, मग बारीक गोल गोल पदकांचे ठसे दिसायला लागले आणि त्यांच्याखाली रशियन अक्षरं. शब्दकोशातली वर्णमाला समोर धरून मी एकेक अक्षर लावलं : तूला. मॉस्कोच्या दक्षिणेला असलेलं हे गाव बंदुकांसाठी आणि सामोवारांसाठी प्रसिद्ध. इंग्रज कंपनीच्या रिफायनरीत नोकरी, पोर्तुगीज पासपोर्टवर गेलेला सावईवेऱ्याचा माणूस, आणि त्याच्या खोलीत चहा उकळणारं भांडं रशियाचं. इराणची तेव्हाची अवस्था मला यापेक्षा सोपी करून सांगता येणार नाही.

तुमच्या घरच्यांचा क्रम मात्र उलटा आहे. आधी परके आले. सरकारं पडायला लागली ती त्यानंतर.

२५ ऑगस्ट १९४१च्या पहाटे उत्तरेकडून सोव्हिएत फौजा आणि दक्षिण-पश्चिमेकडून ब्रिटिश फौजा इराणात शिरल्या. ब्रिटिश म्हणते, पण त्यातले बहुतेक शिपाई आपल्याकडचे होते, हिंदी लष्कराच्या ८व्या आणि १०व्या डिव्हिजनचे. इराण तटस्थ होता. कोणाच्या बाजूने नाही, कोणाच्या विरुद्ध नाही, असं त्याने युद्धाच्या सुरुवातीलाच जाहीर केलं होतं. तुमचे पणजोबा त्या पहाटे अबादानलाच असणार. धक्क्याला लागलेली ‘पलंग’ नावाची इराणी युद्धनौका ब्रिटिशांच्या ‘शोरहॅम’ने तिथल्या तिथे बुडवली. जवळच खुर्रमशहरला ‘बब्र’ बुडाली आणि इराणी नौदलाचे प्रमुख बायंदोर मारले गेले. तीन दिवसांनी, २८ ऑगस्टला, शस्त्रसंधी.

पंतप्रधान अली मन्सूर यांनी राजीनामा दिला तेव्हापासून मोजायला घ्या. फोरुघी, सुहैली, कवाम, पुन्हा सुहैली, साएद, बयात, हकीमी, सद्र, पुन्हा हकीमी, पुन्हा कवाम. ऑगस्ट १९४१ ते जानेवारी १९४६, साडेचार वर्षांत दहा वेळा खुर्ची बदलली. तुमच्या पणजोबांचा हिशेब बरोबर आहे : १९४२ साली फोरुघी मार्चमध्ये गेले, सुहैली ऑगस्टपर्यंत टिकले, मग कवाम आले.

का टिकत नव्हती माणसं? त्या खुर्चीवर बसणाऱ्याला एकाच वेळी इंग्रज वकिलात, रशियन वकिलात, नुकताच गादीवर आलेला तरुण शाह म्हणजे राजा, मजलिस म्हणजे तिथली संसद, आणि भुकेलं शहर अशा पाच जणांना सांभाळायचं होतं. थोड्याच दिवसांत अमेरिकनही आले. एकाला खूश केलं की दुसरा पाय ओढणार. उत्तरेकडच्या प्रांतांत रशियनांचं सैन्य, दक्षिणेत इंग्रजांचं. दोन्ही वकिलाती आपापली वर्तमानपत्रं आणि आपापले खासदार पोसत होत्या. तेहरानच्या मंत्र्याचा हुकूम तब्रीझमध्ये चालेल की नाही, हे रशियन अधिकारी ठरवणार.

आणि भाकरी. हे मला जरा सविस्तर सांगायचं आहे, कारण राजकारणाच्या पुस्तकांत ते दोन ओळींत उरकतात.

आपल्याकडे सकाळी पोदेराचा म्हणजे पाववाल्याचा भोंपू वाजला नाही तर आपण शीत-कढीवर भागवतो. तेहरानच्या गरिबाकडे दुसरं काही नव्हतं. नान हेच जेवण, त्याच्याबरोबर थोडा चहा, जमलं तर चीज. १९४२ साली पीक कमी आलं. त्यात इराणची गव्हाची आणि तांदळाची मोठी कोठारं म्हणजे अझरबैजान, गिलान, माझंदरान हे उत्तरेकडचे प्रांत, आणि ते रशियनांच्या ताब्यात. तिथलं धान्य तेहरानला सहज येईना. दक्षिणेत धान्य होतं तिथून आणायला ट्रक आणि रेल्वेचे डबे हवेत, ते इंग्रजांनी रशियाला युद्धसामग्री पोचवायला घेतलेले. फौजांना खर्चायला रियाल हवे होते म्हणून नोटा छापून घेतल्या, त्याच्या आधीच रियालचा पौंडातला भाव जवळपास निम्म्यावर आणला होता. बाजारात नोटा भरपूर, गहू नाही. जमीनदारांनी आणि व्यापाऱ्यांनी साठे दडवले, हेही खरं आहे, आणि ते इराणीच होते. त्यांना मी सोडणार नाही. सरकारी कोठारातून मिळायची ती काळी, बार्ली आणि काय काय मिसळलेली, दाताखाली कचकचणारी नान. लोक तिला ‘सिलोची नान’ म्हणत.

डिसेंबर १९४२च्या ८ तारखेला तेहरानात जमाव मजलिसच्या आवारात शिरला. दुकानं लुटली, पंतप्रधान कवाम यांचं घर जाळलं. सरकारने वर्तमानपत्रं बंद केली, मार्शल लॉ पुकारला, सैन्याने गोळ्या झाडल्या. कवाम दोन महिन्यांनी गेले. त्यांच्या जागी राज्य चालवायची सगळी अक्कल घेऊन कोणीही बसला असता तरी त्याला गहू कुठून आणता आला असता, हे मला तुमच्या घरच्यांना विचारायचं आहे.

प्रश्न : आपण नेहमी दुबळ्यांची बाजू घेता, ते ठीक. पण १९४१पर्यंतचा राजा रेझा शाह हिटलरधार्जिणा होता. रशियाला रसद पोचवायला दुसरा बारमाही रस्ता नव्हता. इंग्रजांनी इराण घेतला नसता तर युद्ध हरले असते. आणि शाहसारखा खमका माणूस गेल्यावर देश विस्कटला, यातून काय ते समजावं. – निवृत्त बँक अधिकारी, मडगाव

उत्तर : रस्त्याबद्दल आपलं म्हणणं मला बरंचसं मान्य आहे. जून १९४१मध्ये जर्मनी रशियावर तुटून पडल्यावर इराणच्या आखातातून कॅस्पियनकडे जाणारा मार्ग सोन्याच्या मोलाचा झाला. पुढे त्या मार्गाने चाळीस लाख टनांच्या आसपास माल गेला. अमेरिकेची तीसेक हजार माणसं नुसती हा रस्ता आणि रेल्वे चालवायला तिथे होती. स्टालिनग्राडनंतर रशियन सैन्य पुढे सरकलं, त्यात या मालाचा वाटा होता.

पण ती रेल्वे कोणी बांधली, हे जरा पाहा. बंदर शापूर ते बंदर शाह, सुमारे १,४०० किलोमीटर, डोंगर पोखरून, १९३८ साली पुरी झालेली. रेझा शाहने परदेशी कर्ज घ्यायचं नाकारलं, कारण कर्ज देणारा सावकार रूळांबरोबर घरात शिरतो हे इराणने आधी भोगलं होतं. पैसा उभा केला तो चहा आणि साखरेवरच्या करातून. ज्या माणसाला नानीबरोबर एक पेला गोड चहा एवढंच सुख होतं त्याने प्रत्येक खड्याला कर भरून ते रूळ टाकले, आणि तीन वर्षांत त्याच रुळांवरून त्याच्या वाट्याचा गहू सोडून बाकी सगळं जायला लागलं. या एका गोष्टीपाशी मी दरवर्षी वर्गात थांबायची. दहावीची मुलंही गप्प व्हायची.

शाह हिटलरधार्जिणा होता का? जर्मनीशी व्यापार वाढवला होता, जर्मन इंजिनिअर आणि तंत्रज्ञ देशात होते. इंग्रज आणि रशियन या दोघांच्या चिमट्यातून सुटायला तिसऱ्याचा हात धरायचा, हा लहान देशांचा जुना उपाय. १९०७ साली या दोघांनी इराणला न विचारता नकाशावर रेघा मारून उत्तर रशियाचं, आग्नेय इंग्रजांचं, असं ठरवलं होतं. पहिल्या महायुद्धातही इराण तटस्थ होता आणि तरीही त्याच्या भूमीवर तीन साम्राज्यं लढली. त्यामुळे जर्मनांबद्दल तिथे आस्था होती, हे मी लपवत नाही. ती धोक्याची होती, हेही.

खमक्या माणसाबद्दल मात्र माझं मत आपल्या अगदी उलट आहे. रेझा शाहने १६ वर्षांत रस्ते, शाळा, न्यायालयं, रेल्वे दिली. त्याच काळात मजलिसला शिक्का मारायचं कार्यालय केलं, पक्ष संपवले, स्वतःचेच कर्तबगार मंत्री तुरुंगात घातले, उत्तरेतल्या उत्तम जमिनी स्वतःच्या नावावर केल्या. त्याच्या जाण्याने देश उघडा पडला, कारण दुसरं कोणी उभं राहू शकेल अशी जागाच त्याने ठेवली नव्हती. तीन दिवसांत सैन्य विरघळलं. ज्या सैन्यावर देशाच्या उत्पन्नाचा एवढा मोठा वाटा खर्च झाला, त्याचे अधिकारी गणवेश टाकून पळाले.

१६ सप्टेंबर १९४१ला शाहने २१ वर्षांच्या मुलाच्या नावे गादी सोडली. दुसऱ्या दिवशी परक्या फौजा तेहरानात. त्याला बंदर अब्बासहून बोटीत बसवलं. त्याला वाटत होतं मुंबईला उतरता येईल. मुंबईसमोर बोट उभी राहिली आणि उतरायची परवानगी नाही असं त्याला सांगण्यात आलं. तिथून मॉरिशस, मग जोहान्सबर्ग. १९४४ साली तिथेच तो वारला. मुंबईच्या दिव्यांकडे बोटीच्या कठड्याला टेकून पाहणारा तो म्हातारा हुकूमशहा माझ्या डोळ्यांसमोर येतो तेव्हा मला त्याची दया येते, आणि त्याच्या तुरुंगात मेलेल्यांची आठवणही तितकीच येते.

अजून एक नाव सांगते, नोंदवून ठेवा. जनरल फझलुल्ला झाहेदी. इस्फहानचे लष्करी प्रमुख. जर्मनांशी संधान आहे म्हणून १९४२च्या अखेरीस इंग्रजांनी त्यांना बंदुकीच्या धाकावर उचललं आणि पॅलेस्टाईनमध्ये नेऊन ठेवलं. अकरा वर्षांनी, १९ ऑगस्ट १९५३ला, इंग्लंड आणि अमेरिकेच्या गुप्तहेर खात्यांनी इराणचे पंतप्रधान मोसद्देक यांचं निवडून आलेलं सरकार पाडलं, तेव्हा पंतप्रधान म्हणून बसवलं ते याच झाहेदींना.

प्रश्न : बाई, आमच्या कॉलेजात प्रोजेक्ट आहे. दुसऱ्या महायुद्धाचा गोव्याशी संबंध असं काही इराणसारखं आहे का? गोवा तर पोर्तुगीजांचा, आणि पोर्तुगाल तटस्थ होता ना? – विद्यार्थिनी, साखळी

उत्तर : बाळ, तू नेमकी जागा धरलीस. आणि हा प्रश्न माझ्या घरातलाच आहे.

माझे बाबा मुरगाव बंदरात टॅली क्लार्क होते. गोणी मोजायच्या, पाटीवर खडूने पाच पाचच्या रेघा मारायच्या. युद्ध सुरू झाल्यापासून बंदरात चार बोटी आसऱ्याला उभ्या होत्या : तीन जर्मन, एरेनफेल्स, ब्राउनफेल्स, ड्राखेनफेल्स, आणि एक इटालियन, आन्फोरा. तटस्थ बंदर, त्यामुळे बाहेर पडलं तर इंग्रज पकडणार, आत असेपर्यंत कोणी हात लावणार नाही. ९ मार्च १९४३, कार्निव्हालचा शेवटचा दिवस. रात्री बाबांना खिडकीच्या फटीतून भिंतीवर हलणारा लाल उजेड दिसला. त्यांना वाटलं सड्यावर कोणी गवत पेटवलं. बाहेर येऊन पाहतात तर पाणी पेटलेलं. चारही बोटींच्या खलाशांनी स्वतःच आगी लावून बोटी बुडवल्या होत्या. कारण एरेनफेल्सवर हल्ला झाला होता. हल्ला करणारे होते कलकत्ता लाइट हॉर्स नावाच्या हौशी राखीव पलटणीचे, बहुतेक मध्यमवयीन व्यापारी आणि चहाच्या कंपन्यांतले साहेब, ‘फीबी’ नावाच्या गाळ वाहायच्या बोटीतून आलेले. बाबांना हे कधीच कळलं नाही. खरी हकिगत बाहेर आली ती सत्तरच्या दशकाच्या शेवटी, आणि बाबा त्याच्या आधीच गेले.

आता इराणकडे ये. बंदर शापूरला, म्हणजे त्याच रेल्वेच्या टोकाला, ऑगस्ट १९४१मध्ये आठ बोटी अशाच आसऱ्याला होत्या. तीन इटालियन आणि पाच जर्मन. जर्मन बोटींची नावं बघ : होहेनफेल्स, मारिएनफेल्स, श्टुर्मफेल्स, विल्डेनफेल्स, वाइसेनफेल्स. ‘फेल्स’ म्हणजे जर्मनमध्ये खडक. ब्रेमेनच्या हान्सा कंपनीच्या बोटींची ही पद्धत. आपल्या मुरगावातल्या तिन्ही त्याच कंपनीच्या, सख्ख्या बहिणी. तिथेही खलाशांनी बोटी पेटवायला आणि बुडवायला घेतल्या होत्या, तिथेही बाहेरून येऊन ताबा घेतला गेला.

एवढं सारखं असून फरक का पडला, तो तुझ्या प्रोजेक्टचा गाभा कर. बंदर शापूरला युद्धनौका आणि फौजा उघड उघड आल्या. मुरगावला मात्र साध्या कपड्यांतली माणसं, रात्रीची, गुपचूप. कारण इंग्लंडला पोर्तुगाल दुखवायचा नव्हता. अटलांटिकमधली अझोरेस बेटं हवी होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ती मिळालीही, १३७३ सालच्या मैत्रीच्या तहाचा हवाला देऊन, पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याची परवानगी मागून. इराणकडे मागायचं काही उरलं नव्हतं. जे हवं होतं ते, तेल आणि रस्ता, हात पुढे करून घेता येत होतं. अर्थात पोर्तुगालचाही सगळा मुलूख सुटला नाही. तिमोरमध्ये आधी ऑस्ट्रेलियन-डच सैन्य न विचारता उतरलं, पाठोपाठ जपानी, आणि तिथली माणसं हजारोंनी मेली. ते नक्की वाच.

आणि कोणत्याही सौद्यात गोंयकाराला कोणी विचारलं नव्हतं, हे लिहायला विसरू नकोस. सालाझारला विचारलं.

प्रश्न : १९४५ला युद्ध संपल्यावर इराणातून सगळे आपापल्या घरी गेले का? – म्हापसा

उत्तर : जानेवारी १९४२च्या तहात लिहून दिलं होतं की युद्ध संपल्यावर सहा महिन्यांत फौजा निघतील. तारीख आली २ मार्च १९४६. इंग्रज आणि अमेरिकन गेले, रशियन गेले नाहीत. तब्रीझमध्ये त्यांच्या छत्राखाली वेगळं सरकार उभं राहिलं होतं, महाबादमध्ये कुर्दांचं प्रजासत्ताक. तिथल्या लोकांच्या भाषेच्या आणि जमिनीच्या तक्रारी खऱ्या होत्या, पण मॉस्कोला उत्तरेतल्या तेलाचा मक्ता हवा होता.

तेव्हा आले तेच कवाम, ज्यांचं घर जाळलं होतं. सत्तरी ओलांडलेले. ते स्वतः मॉस्कोला जाऊन बसले, इकडे संयुक्त राष्ट्रांत इराणची तक्रार चालू ठेवली. तेलाची मिश्र कंपनी काढू, पण मजलिसची मंजुरी लागेल, मजलिसची निवडणूक परक्या फौजा असेपर्यंत कायद्याने घेता येत नाही, असं सांगून करार केला. मे १९४६मध्ये रशियन निघाले. डिसेंबरात इराणी सैन्य तब्रीझला पोचलं, आणि तिथे सूडही भरपूर उगवला गेला, तो डाग आहेच. ऑक्टोबर १९४७मध्ये मजलिसने तो तेलकरार फेटाळला, १०२ विरुद्ध २ मतांनी. दुबळी म्हणून हिणवलेली हीच ती संसद. हिच्यातच डिसेंबर १९४४ला मोसद्देक नावाच्या खासदाराने कायदा करून घेतला होता की मंत्र्यांनी परदेशी माणसाशी तेलाच्या मक्त्याची बोलणीसुद्धा करायची नाहीत. युद्ध चालू, रस्त्यात परक्यांचे रणगाडे, आणि हा कायदा. माझ्या लेखी त्या साडेचार वर्षांतला सगळ्यात मोठा दिवस तो.

प्रश्न : कोल्हापूरजवळच्या वळिवडेला पोलंडचे निर्वासित होते. ते इराणमार्गे आले, हे खरं का? – पेडणे

उत्तर : खरं. रशियाने पकडून नेलेले एक लाखाहून जास्त पोलिश लोक, सैनिक आणि बायकामुलं, १९४२ साली कॅस्पियनवरच्या पहलवी बंदरात उतरले. भाकरीसाठी दंगे होणार होते त्याच वर्षी, त्याच देशात. अनाथ मुलांना इस्फहानला ठेवलं. एकूण पोलिश लोकांतले पाचेक हजार पुढे वळिवडेला आले. इराणी लोकांनी त्या मुलांच्या गाड्यांत खजूर आणि भाजलेले चणे टाकले, अशा आठवणी पुष्कळांनी सांगितल्या आहेत.

सावईवेऱ्याच्या वाचकासाठी : सामोवार आता आणखी घासू नका, ठसे झिजतील. पत्रं प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली आहेत, ती आजच बाहेर काढा. पावसाळ्यात आत घाम धरतो आणि शाई पसरते. धुतलेल्या जुन्या सुती कापडात, घड्या मोडून, आडवी ठेवा. १९४६च्या जुलैत अबादानला मोठा संप झाला होता आणि इंग्रजांनी हिंदुस्थानातून बसऱ्याला फौज आणली होती. त्या उन्हाळ्याचं एखादं पत्र त्या अकरांत आहे का, ते बघून मला कळवा.